मॉस्कोत उलटतपासणी का झाली नाही?

डी. एन. प्रिट हे नाव आपल्या चळवळीतल्या तरुणांना आज बहुधा ठाऊक नाही. डाव्या पक्षांच्या जुन्या कार्यकर्त्यांना ते ठाऊक आहे. पण ते हे नाव आरतीतल्या नावासारखे घेतात. उलट साम्राज्य गेले म्हणून अजून हळहळणारे इंग्रज लेखक तेच नाव शिवीसारखे वापरतात. आरती आणि शिवी या दोन्हींत एक सोय असते. माणसाने नेमके काय केले हे तपासावे लागत नाही. प्रिट यांचे तीन खंडांचे आत्मचरित्र १९६५-६६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते आणि त्यांनी लढवलेल्या खटल्यांची माहिती एकत्र ठेवून वाचताना मला वाटले की या माणसाची तपासणी त्याच्या शत्रूंनी करून भागणार नाही. ती ज्यांच्या वतीने तो उभा राहिला त्यांनी, म्हणजे कोर्टाची पायरी चढताना ज्यांचे पाय आजही लटपटतात त्यांनी केली पाहिजे.

डेनिस नोवेल प्रिट (१८८७-१९७२) हे सुखवस्तू घरातले इंग्रज. विंचेस्टरसारख्या बड्या शाळेत शिकलेले, १९२७ मध्ये किंग्ज कौन्सेल झालेले, व्यापारी दाव्यांवर भरपूर कमावू शकणारे वकील. राजकारणात ते उजवीकडून सुरुवात करून डावीकडे सरकत गेले. १९३५ पासून १९५० पर्यंत ते लंडनच्या नॉर्थ हॅमरस्मिथ मतदारसंघाचे संसद सदस्य होते. मधेच १९४० मध्ये, रशियाच्या फिनलंडवरील आक्रमणाचे समर्थन केले म्हणून मजूर पक्षाने त्यांना काढून टाकले. पण त्यांची खरी ओळख संसदेतली नाही. इंग्रजांच्या वसाहतींत जिथे जिथे स्वातंत्र्य मागणाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले, तिथे तिथे हा माणूस बॅग घेऊन पोहोचत असे. हाँगकाँगमध्ये १९३१ साली पकडलेल्या हो ची मिन्ह यांना फ्रेंचांच्या हाती पडू न देण्यासाठी प्रिव्ही कौन्सिलपुढे जे अपील गेले, त्यात त्यांचे वकील प्रिट होते. हो ची मिन्ह सुटले. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

मला थांबायचे आहे ते केनियातल्या कापेंगुरिया येथे. २० ऑक्टोबर १९५२ च्या रात्री केनियात आणीबाणी पुकारून जोमो केन्याटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची धरपकड झाली. ‘माऊ माऊ’ या गुप्त बंडखोर संघटनेचे संचालन केल्याचा आरोप केन्याटा, फ्रेड कुबाई, बिल्डाड काग्गिया, पॉल न्गेई, अचिएंग ओनेको आणि कुंगू कारुंबा या सहाजणांवर ठेवला गेला. खटला नैरोबीत चालवला असता तर लोक जमले असते. म्हणून त्यांना उत्तरेकडच्या कापेंगुरियाला नेले, तिथे सोडल्यासारखे करून पुन्हा अटक दाखवली आणि त्या मुलखात खटला चालवण्याचा अधिकार असा निर्माण केला. कायद्याचे कपडे घालून कायद्याची फसवणूक कशी करतात, याचा हा धडा आहे. आपल्या लोकांना तो नवीन वाटणार नाही.

कापेंगुरियाला जायला परवाना लागे. वकिलांना राहण्यासाठी जवळचे गाव किटाले. तेही वीस-पंचवीस मैलांवर. आणि तिथे वर्णभेद. बचावाच्या वकिलांत प्रिट गोरे होते. त्यांच्या बरोबर नायजेरियाचे एच. ओ. डेव्हिस, जमैकाचे डडली थॉम्पसन, भारतातून गेलेले दिवाण चमनलाल, केनियातच वकिली करणारे ए. आर. कपिला आणि जसवंत सिंग, आणि नुकतीच वकिली सुरू केलेले, मूळ गोव्याच्या घराण्यातले फिट्झ डिसूझा होते. हे सगळे एका कोर्टात एका बाजूने बोलू शकत होते, पण गोऱ्यांच्या हॉटेलात एका टेबलावर जेवू शकत नव्हते. कोर्टात समता आणि पंगतीत भेद, हे ज्याने गावात भोगले आहे त्याला या बचावमंडळाची बसण्या-उठण्याची अडचण न सांगता कळेल.

न्यायासनावर रॅन्सली थॅकर हे निवृत्त न्यायमूर्ती होते. त्यांना सरकारकडून या कामासाठी वीस हजार पौंड स्वतंत्रपणे दिले गेले, हे नंतरच्या इतिहासकारांनी उजेडात आणले. मुख्य साक्षीदार रॉसन मचारिया. याने १९५८ मध्ये प्रतिज्ञापत्र केले की आपण खोटी साक्ष दिली आणि त्या बदल्यात इंग्लंडमध्ये शिकायला पाठवण्याचे आमिष आपल्याला दाखवले होते. सरकारने काय केले? मूळ साक्षीची चौकशी केली नाही. हे प्रतिज्ञापत्र खोटे म्हणून मचारियालाच तुरुंगात टाकले! अशा कोर्टात प्रिट महिनोन्‌महिने उभे राहिले. एकेका साक्षीदाराला तारीख, जागा, वेळ, दिवा होता की नव्हता, दार कोणत्या बाजूला होते असे विचारत राहिले. खटल्याच्या परिस्थितीविषयी इंग्लंडमधल्या काही संसद सदस्यांना त्यांनी तार केली, तर त्यांच्यावरच न्यायालयाच्या अवमानाचा खटला भरला गेला. त्यातून ते निर्दोष सुटले. ८ एप्रिल १९५३ रोजी सहाही आरोपींना सात-सात वर्षांची सक्तमजुरी झाली. निकाल आधीच ठरलेला होता. तरी ती उलटतपासणी वाया गेली नाही. खटला खोटा आहे हे जगापुढे शब्दशः नोंदले गेले, आणि जो खटला हरायचाच आहे त्यात वकिलाचे काम हेच असते.

प्रिट यांचा आपल्याशी संबंध केनियापेक्षाही जवळचा आहे, आणि मराठवाड्यातल्या वाचकाला तो विशेष कळायला हवा. कारण १९५६ पर्यंत आपण आणि तेलंगणा एकाच हैदराबाद राज्यात होतो. तेलंगणातली ‘वेट्टी’ म्हणजे आपली वेठ. देशमुखाच्या वाड्यावर फुकट राबणे, निरोप घेऊन गावोगाव धावणे, मेलेली जनावरे ओढणे, मागतील तेव्हा चामडे-जोडे देणे. आणि त्यातले सर्वांत हलके काम माला-मादिगांच्या वाट्याला. त्या वेठीविरुद्ध आणि जमिनीसाठी १९४६ ते १९५१ या काळात सशस्त्र लढा झाला. निजामाचे राज्य गेल्यानंतर १९४९ मध्ये विशेष न्यायाधिकरणांनी या लढ्यातल्या बाराजणांना फाशी सुनावली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा आरोपींसाठी प्रिट दिल्लीत उभे राहिले. जनार्दन रेड्डी विरुद्ध हैदराबाद राज्य, १९५१. अर्जदारांचा एक मुद्दा असा होता की देहान्ताची शिक्षा असलेल्या खटल्यात आरोपींना वकील मिळाला नाही, म्हणून तो खटला खटलाच नव्हे. न्यायालयाने वकिलाचे महत्त्व मान्य केले. पण तो नसल्याने खटला आपोआप रद्द होतो, हे मानले नाही. अर्ज फेटाळला गेला. पुढे मोठ्या चळवळीनंतर फाशीची जन्मठेप झाली आणि ती माणसे वाचली.

त्या वेळी केंद्रात विधिमंत्री बाबासाहेब होते, ही गोष्ट आपण टाळू नये. पण हेही सांगितले पाहिजे की अटक झालेल्या माणसाला कारण सांगितले पाहिजे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करता आला पाहिजे, हे कलम सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत त्यांनीच मांडले. आजचे कलम २२ ते हेच. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची खिडकी उघडी राहिली, हेही लपवण्याचे कारण नाही. १९५१ मध्ये जो मुद्दा फेटाळला गेला तोच १९८६ मध्ये, सुक दास या अरुणाचल प्रदेशातल्या गरीब आरोपीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारला. गरिबाला सरकारी खर्चाने वकील न देता चालवलेला खटला टिकत नाही, असे ठरले. त्यासाठी पस्तीस वर्षे जावी लागली.

इथवर जे लिहिले ते वाचून प्रिट यांच्या फोटोला हार घालावा असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले. पण आता १९३६ सालात गेले पाहिजे.

ऑगस्ट १९३६ मध्ये मॉस्कोत झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह आणि इतर चौदाजणांवर खटला चालला. लेनिनचे जुने सहकारी. आरोप असा की ट्रॉट्स्कीच्या सांगण्यावरून त्यांनी स्टालिन आणि इतर नेत्यांना मारण्याचा कट केला. पुरावा काय? त्यांचे स्वतःचे कबुलीजबाब. कागद नाही, पत्र नाही. वकील नाही, आरोपींनी स्वतःच वकील नाकारल्याचे सांगण्यात आले. बाहेरच्या समाजवादी नेत्यांनी तार करून स्वतंत्र वकिलांची मागणी केली, ती झिडकारली गेली. सरकारी वकील व्हिशिन्स्की यांनी या पिसाळलेल्या कुत्र्यांना गोळ्या घाला अशी मागणी केली. खटला १९ तारखेला सुरू झाला आणि २४ ला संपला, आणि सोळाही जणांना लगेच गोळ्या घातल्या गेल्या. या खटल्याला प्रेक्षक म्हणून प्रिट हजर होते. परत येऊन त्यांनी ‘द झिनोव्हिएव्ह ट्रायल’ ही पुस्तिका लिहिली आणि खटला न्याय्य होता, कबुलीजबाब खरे होते, असा निर्वाळा दिला. किंग्ज कौन्सेलचा निर्वाळा! ज्यांच्या मनात शंका होती त्यांचे तोंड त्याने बंद झाले.

होल्ट्झमान नावाच्या आरोपीने कबुली दिली होती की १९३२ मध्ये आपण कोपनहेगनला जाऊन ट्रॉट्स्कीच्या मुलाला ‘ब्रिस्टल’ हॉटेलात भेटलो. गोळ्या घालून आठवडाभर उलटला असेल-नसेल तोच डेन्मार्कच्या समाजवादी वृत्तपत्राने छापले की ते हॉटेल १९१७ मध्येच पाडले गेले आहे. कापेंगुरियात दिवा कुठे होता हे विचारणारा वकील इथे हॉटेल कुठे होते हे विचारत नाही. कोर्टात तो प्रेक्षक होता, विचारू शकत नव्हता, हे मान्य. पण पुस्तिका लिहिताना? आणि त्यानंतर? १९३७ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई (बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू) यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने मेक्सिकोत ट्रॉट्स्कीची साक्ष घेऊन, कागदपत्रे तपासून हे आरोप बनावट ठरवले. १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिनच्या राज्यात कबुलीजबाब कसे मिळवले जात हे स्वतःच्या पक्षापुढे सांगितले. प्रिट यांनी आपले मत सोडले नाही. १९८८ मध्ये सोव्हिएत सर्वोच्च न्यायालयानेच ती शिक्षा रद्द केली. तोवर प्रिट जाऊन सोळा वर्षे झाली होती.

कबुलीजबाब म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. माझे वडील सालगडी. गायरानाचा एक तुकडा ते पेरत होते. एका कार्यालयात बोलावून त्यांना सांगण्यात आले, “कबूल कर, अंगठा दे, सुटशील.” त्यांनी अंगठा दिला. मी बी. ए. झाल्यावर तो कागद त्यांना वाचून दाखवला. त्यांनी जी झाडे तोडल्याचे कबूल केले होते, ती झाडे त्या बरड जमिनीवर कधी उभीच नव्हती. वडील म्हणाले, “बाबा, मला कोन इचारलं तवा?” मॉस्कोतल्या सोळाजणांना कोणी विचारले नाही. ज्याला विचारण्याची विद्या जगात सर्वांत चांगली येत होती, तो समोर बसून होता.

का विचारले नाही? पैशासाठी नाही, भीतीने नाही. प्रिट लाचार नव्हते. लाचार माणूस केनियात गेला नसता. उत्तर एकच दिसते: श्रद्धा. जगात एक देश असा आहे की जिथे शोषण संपले आहे, हे एकदा मनाने घेतले की मग त्या देशातल्या कोर्टात आरोपी उभा नसतो, तिथे शत्रू उभा असतो. आणि शत्रूला वकील कशाला? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणात ती हमखास अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपण ते वाक्य गांधीभक्तांना आणि नेहरूभक्तांना ऐकवतो. प्रिट यांच्या आयुष्याने ते डाव्यांनाही ऐकवले आहे.

माझे काही मार्क्सवादी स्नेही म्हणतील की १९३६ साल विसरू नका. हिटलर बर्लिनमध्ये होता, स्पेनमध्ये यादवी पेटली होती, रशिया एकटा होता. हा युक्तिवाद मी समजू शकतो. प्रिट यांनी १९३३ मध्ये राइशस्टाग जळिताच्या चौकशीसाठी लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय वकील आयोगाचे अध्यक्षपद भूषवले होते. नाझी न्याय कसा असतो हे त्यांना इतर इंग्रजांपेक्षा आधी कळले होते. पण त्यामुळेच हा बचाव लंगडा पडतो. लायपझिगच्या खटल्यात दिमित्रोव्ह यांना हवा तो वकील मिळू दिला नाही, याचा त्या वेळी जगभर निषेध झाला होता. तो निषेध तीन वर्षांत विरला कसा? वकिलाचा हक्क हा जर लायपझिगला हक्क असेल, दिल्लीत हक्क असेल, कापेंगुरियात हक्क असेल, तर मॉस्कोत तो आरोपीने हौसेने सोडून दिलेली सवलत कसा होतो?

दुसऱ्या बाजूचे लोक वेगळेच म्हणतात. मॉस्कोची पुस्तिका दाखवून ते कापेंगुरिया पुसू पाहतात. हा स्टालिनचा माणूस, म्हणून त्याने लढवलेले खटलेही प्रचार. हा कावा आपण ओळखला पाहिजे. मचारियाची साक्ष प्रिट कम्युनिस्टधार्जिणे होते म्हणून खोटी ठरली नाही. ती खोटी होती. तेलंगणातल्या बाराजणांची मान प्रिट यांच्या मतांमुळे दोरात गेली नव्हती. मॉस्कोचे माप मॉस्कोला आणि केनियाचे केनियाला लावले पाहिजे, आणि माप मात्र एकच असले पाहिजे.

हे मी दुसऱ्याच्या घरातली धूळ दाखवण्यासाठी लिहीत नाही. १९७५-७७ च्या आणीबाणीत हजारो माणसे खटल्याविना तुरुंगात असताना, १९७६ मध्ये आपल्या विद्रोहाच्या सर्वांत मोठ्या कवीने, नामदेव ढसाळांनी, ‘प्रियदर्शिनी’ लिहिली. त्यांच्या कवितेचे माझ्या पिढीवर ऋण आहे, आणि ते ऋण मानूनच हे लिहितो. त्या वेळी आपल्यात जे बोलले ते थोडे होते. सत्ता आपल्या बाजूने चार शब्द बोलते तेव्हा तिच्या तुरुंगाच्या चाव्या कोणाकडे आहेत हे विचारण्याची आपली जीभही जड होते. आजही एखाद्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर ‘आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये’ असा ठराव बार असोसिएशन करते, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. असे ठराव बेकायदा आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. पण कोर्टाने सांगितले म्हणून नव्हे, तर आपल्याच लोकांविरुद्ध हे हत्यार सर्वांत आधी वापरले जाईल म्हणून त्या टाळ्या थांबल्या पाहिजेत, असे मला वाटते. खोट्या गुन्ह्यात अडकलेल्या आपल्या पोरांना तालुक्याच्या कोर्टात वकील मिळवताना काय यातायात पडते, ते कार्यकर्त्यांना सांगायला नको.

प्रिट यांच्या अशिलांचे पुढे काय झाले, हे आत्मचरित्रात येणे शक्य नव्हते; पुष्कळसे ते छापले गेल्यावर घडले. सिंगापूरमध्ये १९५४ साली ‘फजर’ या विद्यार्थी-नियतकालिकातल्या लेखाबद्दल आठ विद्यार्थ्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. प्रिट यांनी तो लढवला, त्यांचा कनिष्ठ वकील होता ली कुआन यू, आणि विद्यार्थी सुटले. त्या आठांपैकी पो सू काई यांना १९६३ मध्ये खटल्याविना तुरुंगात टाकले गेले, तेव्हा सिंगापूरचे पंतप्रधान तेच ली कुआन यू होते. दोन खेपा मिळून पो यांची सुमारे सतरा वर्षे आत गेली. घानात प्रिट १९६५-६६ मध्ये कायद्याचे प्राध्यापक होते. त्याच १९६५ च्या फेब्रुवारीत एन्क्रुमा यांच्या स्थानबद्धता कायद्याखाली कोंडलेले जे. बी. डान्क्वा हे ज्येष्ठ वकील तुरुंगातच मेले होते. स्वतंत्र देशातल्या या तुरुंगांच्या दारात प्रिट बॅग घेऊन उभे राहिलेले मला तरी त्यांच्या चरित्रात दिसले नाहीत.

केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. केन्याटा आधी पंतप्रधान आणि मग राष्ट्राध्यक्ष झाले. नैरोबीतल्या एका रस्त्याला प्रिट यांचे नाव दिले गेले. पिओ गामा पिंटो हे गोवेकर आईबापांचे नैरोबीत जन्मलेले चिरंजीव. तरुणपणी गोवामुक्तीसाठी झटलेले आणि कापेंगुरियाच्या बचावाची जुळवाजुळव करणाऱ्यांपैकी एक. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांना घराच्या फाटकाजवळ गोळ्या घातल्या गेल्या. काग्गिया भूमिहीनांच्या जमिनीचा प्रश्न सोडेनात. १९६८ मध्ये बिनपरवाना सभा घेतली म्हणून स्वतंत्र केनियाच्या कोर्टाने त्यांना तुरुंगात पाठवले. आणि अचिएंग ओनेको, जे कापेंगुरियाच्या पिंजऱ्यात केन्याटांबरोबर उभे होते, त्यांना १९६९ मध्ये केन्याटांच्या सरकारने स्थानबद्ध केले. या वेळी खटला नव्हता, साक्षीदार नव्हता, त्यामुळे उलटतपासणीही नव्हती. ओनेको १९७५ मध्ये सुटले. प्रिट त्याआधी तीन वर्षे वारले होते.